निळा पडदा

तिने आयुष्यभर लोकांची हस्तलिखितं टाइप करून दिली होती. तिच्या कामात चूक शोधून सापडत नसे. पण लेकाने नवा कॉम्प्युटर आणून दिला आणि पान अर्ध्यावर आलं की पडदा निळा होऊन तो बंद पडायला लागला.

"आई, काहीतरी भलतंच दाबत असशील," लेक फोनवर सहज बोलून गेला. ते तिच्या मनाला लागलं. वय झालं, आता बोटं दगा देताहेत की काय, या धास्तीने ती एकेक अक्षर जपून दाबू लागली.

शेवटी इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणारी तिची धाकटी नणंद आली. तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि म्हणाली, "वहिनी, आता कशालाही हात लावू नका. नुसत्या बसा."

ती हात मांडीवर ठेवून बसली. थोड्या वेळाने पडदा आपसूक निळा झाला.

"बघितलंत? तुमचा काडीचाही दोष नाही!"

तिचा जीव भांड्यात पडला.

नणंदेने खोकं उघडलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून पाहिली, तरी पुन्हा तेच. मग ती परत लावून दुसरी काढली, तर दुपारभर कॉम्प्युटर सुरळीत चालला.

"ही पट्टीच खराब आहे, दुकानदार बदलून देईल. पण वस्तू बिघडलेली निघाली म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"हस बाई, हस," असं म्हणत तिने लेकाला फोन लावला.