साळवेमामांनी पाडलेला कोपरा

साळवेमामा गेले. आज सकाळी, बोलता बोलता.

ओळखत नसाल तर सांगते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. सिडकोतून चालताना "ही गॅलरी माझी, तो जिना माझा" असं सांगत जायचे. सासरेबुवांची इस्टेट दाखवावी तसे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही बारा जणांनी चार दिवसांची सायकल राइड केली. वेरूळ, चाळीसगाव, जळगाव, सिल्लोड करून परत शहागंज. बेघरांना घरं बांधून देणाऱ्या आमच्या छोट्याशा संस्थेसाठी.

एका सळईवाल्या शेठजींनी शब्द दिला होता. शेवटच्या दिवशी दुपारी एकच्या आत जितके जण शहागंजच्या घड्याळाखाली पोहोचतील, तितकी घरं त्यांच्याकडून.

प्रत्येकाच्या गळ्यात एका कुटुंबाच्या नावाचं कार्ड. मामांच्या गळ्यात मीराबाईचं. हर्सूलला फुलं विकते, दोन मुली, डोक्यावर ताडपत्री.

कॅप्टन मी. म्हणजे शिट्टी माझ्याकडे.

आमच्या गेअरच्या सायकली, हेल्मेट, गॉगल. मामांची कॅरिअरवाली काळी सायकल. गेअरची घ्या म्हटलं तर म्हणाले, "ताई, उतरून ढकलायचं, ह्योच आपला गेअर."

चौथ्या दिवशी सकाळी सिल्लोडजवळच्या एका गावात होतो. तिथं संस्थेचं एक घर बांधायला घेतलेलं. निघण्यापूर्वी तासभर श्रमदान, हा आमचा रोजचा नेम.

गावचा मिस्त्री लग्नाला गेलेला. मामा पंक्चर काढायला गेलेले.

मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी, एक दातांचा डॉक्टर आणि एक सीए, आम्ही तिघांनी मिळून कोपऱ्यावर विटांचे पाच थर चढवले. फोटो काढले. ग्रुपवर टाकलेसुद्धा.

मामा आले. सायकलच्या पिशवीतून ओळंबा काढला, दोरीला लटकणारं ते लोखंडी वजन. आमच्या पिशव्यांत त्या जागी चॉकलेटं असतात. ओळंबा भिंतीला लावला.

"ह्ये कुनी केलं?"

"आम्ही."

"दोन बोटं भाईर गेलंय. पाडावं लागंल."

आठ वाजले होते. शहागंज अजून पासष्ट किलोमीटर.

"मामा, उद्या मिस्त्री बघेल ना."

"उद्यापस्तोर माल धरंल, ताई. मंग तो पाडील व्हय? त्याच्यावरच चढवील. अन् ह्या कोपऱ्याखाली लेकरं झोपतील."

मी भडकले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या हट्टापायी मीराबाईचं घर जाईल. मग तुम्हीच सांगा तिला."

असं बोलले मी. आज लिहितानाही लाज वाटते, कारण वाकडा कोपरा माझ्याच हातचा होता.

मामांनी बाह्या दुमडल्या. "तिचं जाऊ देत नाय मी. पन तिचं व्हावं म्हनून ह्याचं वाकडं ठिवू का? तुमी व्हा पुढं. तुमच्या हातांना आता काम नको."

मी शेठजींना फोन केला. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम, मॅडम."

आम्ही निघालो. साडेअकराला अकरा जण पोहोचलो. ढोल, हार, पेढे. मी पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

गावातून घरमालकाचा फोन आला होता. "मामा साडेनवाला निघाले. कोपरा एकदम सरळ."

मी मनात गणित मांडत होते. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, काळी सायकल, समोरून वारा, मध्ये चौक्याचा घाट, हातात साडेतीन तास. कसंही मांडलं तरी बसत नव्हतं.

मीराबाई टोपली घेऊन गर्दीत उभी होती. तिला सगळं सांगायला मलाच जावं लागलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येतील की."

पाऊण वाजता दिल्ली गेटवरून संस्थेतल्या एका मुलीचा फोन. मामा दिसले. पण शहागंजात भर बाजार, मुंगीला वाट नाही.

शेजारच्या केळीच्या गाड्यावाल्यानं माझं तोंड बघितलं. "क्या हुआ, बाजी?"

मी दोन वाक्यांत सांगितलं.

तो गाड्यावर चढला आणि ओरडला, "भाई लोगां, गाड्यां बाजू लेओ. चाचा आ रै. एक घर का सवाल है."

गाडे सरकले. रिक्षा मागे गेल्या. एका चपलांच्या दुकानदारानं रस्त्यावरचं टेबल उचलून आत घेतलं. इतका मोकळा शहागंज मी जन्मात पाहिला नव्हता.

आणि मामा आले. हातांना कोपरापर्यंत सिमेंट, शर्ट अंगाला चिकटलेला, घंटी अखंड चालू.

एकला सात मिनिटं कमी.

शेठजींनी आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग वरचं. मग स्वतःच्या गळ्यातला हार काढून मामांना घातला. मीराबाईनं अख्खी टोपली मामांवर ओतली. ढोलवाल्यांना कुणी थांबवलं नाही. मी तर रडत नाचले, व्हिडिओ आहे.

मामा घड्याळाच्या पायरीवर टेकले. मी वाकून म्हटलं, "चुकले मामा."

"ती भिंत सकाळीच पाडली की, ताई. आता कशाला उकरता?"

वर्षभरात बाराच्या बारा घरं उभी राहिली. एकूण एक कोपरा मामांनी स्वतः जाऊन तपासला.

आज दुपारी मामांना निरोप दिला. बाराही घरांतली माणसं आली होती. सिल्लोडकडचं ते तेरावं कुटुंबही आलं, मिळेल त्या एसटीनं.

मी मीराबाईला म्हटलं, दमली असशील, घरी जाऊन दोन घास खा.

"आमच्यात आज चूल पेटत नाय, ताई. घरातलं मानूस गेलंय."

मागं उभी असलेली सिल्लोडची बाई म्हणाली, "आमच्याबी नाय."

मग मी एकेकाला विचारत गेले. तेरा घरं. आज एकाही घरात चूल पेटलेली नाही.

मामा, तुमच्या शुभाताईचा शेवटचा जय भीम.