नीलम्माचे काप

लातूरच्या बेकरीत नीलम्मा केक सपाट करायची आणि मी त्यावर क्रीम लावायची. भट्टीतून आलेल्या केकचा फुगवटा ती लांब सुरीनं असा उतरवायची की क्रीम कुठं ओघळायची नाही. बिनअंड्याच्या केकचे असे उतरवलेले काप ती घरी न्यायची. तिची सासू गंगम्मा, कडक लिंगायत, ते मिटक्या मारत खायची.

लातूर जिल्हा होऊन जमाना झाला, पण २०१६च्या दुष्काळात नळाला थेंब नाही. जिल्हा काय चाटायचाय? नीलम्मानं टँकरवर भांडून एक घागर आणली. त्याच दिवशी कुणीतरी गंगम्माचे कान भरले, की सून अंड्याचेही केक कापते. म्हातारीनं अख्खी घागर अंगणात ओतली.

"अंड्याच्या हाताचं पाणी मला चालत न्हाई!"

"मग आत्याबाई, वर्षभर काय खाल्लं? ते काप अंड्याचेच होते."

म्हातारी चूळ भरायला घागरीकडं धावली. घागर रिकामी होती.

त्या दिवसापासून, आपण बाटलो म्हणून, तिनं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला नाही. पुढं अंथरूण धरलं. तेव्हा नीलम्मानं मला सांगितलं, काप बिनअंड्याचेच होते.

"अगं, मग सांग की तिला!"

नीलम्मा केक कापतच राहिली. "ओतलेली घागर तिला भरून आणू दे आधी."