ओव्याची धुरी

परवा भाचीबरोबर राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये नव्या आयांच्या मेळाव्याला गेले. माइकवर एक बाई 'आईला समाजाचा आधार हवा' म्हणत होत्या, आणि कोपऱ्यात कुणीतरी ओव्याची धुरी केली होती. त्या वासासरशी मी अठ्ठ्याण्णव सालच्या माझ्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

समाजाचा आधार तेव्हा माझ्याच हॉलमध्ये बसला होता. बाळंतविडा घेऊन आलेल्या सासरच्या सहा बायका. एका झबल्याच्या बदल्यात माझे डिंकाचे लाडू फस्त करून त्या बाळाचा रंग कुणावर गेलाय यावर वाद घालत होत्या. आणि मी, दहा दिवसांची बाळंतीण, टाके सांभाळत त्यांचा चहा गाळत होते.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या अक्का धुरीची शेगडी घेऊन वर आल्या. कुरुंदवाडच्या लिंगायत, घरात कानडी बोलणाऱ्या, आमच्या नात्याच्या ना गोत्याच्या. बाळाला रोज न्हाऊ मात्र त्याच घालायच्या. माझ्या हातातली गाळणी बघून त्या बायकांना म्हणाल्या, "बाळंतीण चहा करतीया आणि तुमी बसून पिताय व्हय?"

थोरल्या जाऊबाईंनी मला विचारलं, "ह्या कोण म्हणायच्या?"

"कुणी न्हाईत," मी म्हणाले. "खालच्या हायत."

अक्कांनी शेगडी माझ्या बाजेखाली सरकवली आणि जिना उतरून गेल्या.

त्या सहाजणींना मी आजवर नावं ठेवत आले. पण सहा कप भरूनही पातेल्यात चहा उरला होता, आणि अक्कांना "घ्या" म्हणायला माझी जीभ उचलली नव्हती.