शुक्रवारी रिकाम्या होणाऱ्या खोल्या

आमच्याकडच्या गोल्फ स्पर्धेचा इतिहास मला चादरींवरून ठाऊक आहे. नववीत शाळा सोडलेल्या मला न्यू जर्सीत काकूंनी त्यांच्या मोटेलात खोल्या आवरायला ठेवलं, हे त्यांचे उपकारच. स्पर्धेला खेळाडूंच्या बॅगा वाहणारे कॅडी आमच्याकडे उतरत. शुक्रवारी निम्मे खेळाडू बाद झाले की त्यांचे कॅडी निघून जात आणि माझं शनिवार-रविवारचं काम बुडे. म्हणून आमच्या कॅडींचे खेळाडू टिकावेत यासाठी मी टीव्हीपुढे हात जोडून बसायचे.

“नवरा खेळतोय का गं तुझा?” काकू हसत.

माझ्या कामाच्या पाचव्या वर्षी स्पर्धाच दुसऱ्या शहरात गेली. रिकाम्या खोल्या बघून मी भीतभीत विचारलं, “काकू, उद्या येऊ ना?”

“नको येऊस! खोल्या रिकाम्या आहेत तोवर बारा गाद्या उलटायच्यात, त्या मीच उलटते, या वयात.”

पहिली गादी मी तेव्हाच उलटली.