आबांच्या बोटाखालचं दौंड

दौंडला रेल्वेच्या जुन्या साहेबाचा एक दगडी बंगला आहे. बरीच वर्षं तो बंद होता. गावातल्या हौशी माणसांनी त्याची डागडुजी केली आणि तिथं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय मांडलं. मला ते बघायचं होतंच, पण त्याहून जास्त आबांना घराबाहेर काढायचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगमन होते, सारी नोकरी रुळांवर गेली. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले आणि ते खाटेला चिकटले. कुणी आलं तरी बोलत नसत.

"आंधळ्याला म्युझियम काय दावतीस?" रिक्षात ते म्हणाले.

"मी सांगते की एकेक."

"सांग. मी मान हलवतो."

आणि तसंच झालं. मी पाट्या वाचत होते, ते मान हलवत होते. फक्त मधल्या दालनात पाऊल टाकल्यावर आपणहून म्हणाले, "छत लई उंच हाय न्हवं? आवाज वर जातुय." खरंच, सागवानी तुळयांचं ते छत मान उंच करून बघावं असं होतं.

संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई कोपऱ्यातून आमच्याकडं बघत होत्या. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, नखांत अजून रंग. त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या, कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "आबा, हात पुढं करा." त्यांनी गार्डाचा जुना कंदील आबांच्या हातात दिला.

मी दबकत म्हटलं, "बाई, हात लावू नये अशी पाटी आहे."

"ती मीच रंगवलीय," त्या हसल्या. "जरा इकडं या. ही काच उचलू लागा."

दालनाच्या मधोमध, काचेच्या झाकणाखाली, आबांच्या तरुणपणीचं दौंड होतं. लाकूड आणि कागदाचा लगदा वापरून बाईंनी स्वतः केलेलं. नदी, पूल, स्टेशन, बाजार, गल्ल्या.

"मोडंल की वं," आबा म्हणाले.

"मोडलं तर पुन्हा करीन."

बाईंनी त्यांचं बोट धरून नदीवर ठेवलं. तिथून ते एकटेच निघाले. पुलावरून रुळांवर आले. "रूळ किती बारीक घातल्यात!" स्टेशनात थांबले, बाहेर पडले, बाजारातून वळले आणि आमच्या वस्तीत येऊन बोट थांबलं.

"हितं आमचं घर. तुझी आय हितंच दारात तांदूळ निवडत बसायची."

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं.

हात मागं घेताना सदऱ्याची बाही अडकली आणि एक इवलंसं छप्पर निसटलं. आबांचा चेहरा उतरला. "बघा, म्हनलं हुतं मी!"

बाईंनी छप्पर उचललं, खालच्या बाजूला गोंद लावला आणि त्यांच्याच चिमटीत दिलं. "तुमची गल्ली आहे. तुम्हीच बसवा."

आबांनी डाव्या हाताच्या बोटांनी भिंती चाचपल्या, छप्पर अलगद टेकवलं आणि गोंद धरेपर्यंत दाबून धरलं. बाई शेजारी उभ्या होत्या. घाई नाही, कौतुकाचे शब्द नाहीत. इतक्या मेहनतीची वस्तू परक्याच्या हाती अशी सहज सोपवणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

निघताना आबांनी दोन्ही हात जोडले. "जयभीम, बाई."

"जयभीम, आबा. पुन्हा या."

बाहेर मी रिक्षाला हात केला, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चालत जाऊ, बाजारातनं."

माझं कोपर धरून ते चालू लागले. मंडईपाशी त्यांच्या गँगमधले एक मामा भेटले. "आबा? आरं, कवापासनं दिसला न्हाईस!" दोघं चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसले आणि आबा त्यांना बंगल्याचं छत किती उंच आहे ते सांगू लागले. चहा संपला, दुसरा आला. मी भाजी घेऊन परत आले तरी ते बोलतच होते.