प्राची पोचेपर्यंत

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. अंगात येणारी बाई समोर घुमायला लागली तर मी तिला पाणी देऊन खाली बसवते. तरी हे लिहितेय, कारण घरी विषय काढला की आमचे हे उठून बाहेर जातात.

आम्ही करडीचे, मोहाडी तालुका, जिल्हा भंडारा. धानाची शेती. माझ्या सासूबाईंचा एक नियम होता — घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत घर झाडायचं नाही. "माणूस वाटेवर हाये अजून, कायले झाडून राहिली?" मला तर घरात कचऱ्याचा कण खपत नाही. म्हणून त्या चक्क झाडू लपवायच्या, तांदळाच्या पिंपामागे. निरोप आला की स्वतःच आणून स्वयंपाकघराच्या दाराला टेकवायच्या. "घे, झाड आता." यावरून आमचं किती वेळा वाजलं असेल... मागच्या वर्षी त्या गेल्या.

यंदा आमची एकुलती एक प्राची नर्सच्या नोकरीसाठी कॅनडाला निघाली. एवढ्या लांब पहिल्यांदाच, आणि एकटी. मी अंतर मोजून देणाऱ्या एका वेबसाइटवर दोन्ही विमानतळं टाकून पाहिली — दिल्ली ते व्हँकुव्हर, अकरा हजार किलोमीटर, चौदा तास. पहाटे तिचा फोन आला, "बसली वो आई विमानात," तेव्हापासून माझा जीव घड्याळात. घरभर चिवड्याचा चुरा, सुतळीचे तुकडे. पण म्हटलं, म्हातारीच्या आठवणीखातर चौदा तास कळ काढू.

संध्याकाळ झाली. चौदा तास भरले, फोन नाही. उतरायला, सामान घ्यायला वेळ लागतच असेल... वेबसाइटच्या हिशेबाने पोचली म्हणजे पोचली. दिवेलागणीच्या आत झाडून घ्यावं म्हणून उठले, तर झाडू जागेवर नाही. पिंपामागे पाहिलं, पलंगाखाली, न्हाणीत, अंगणात. कुठेच नाही. मग यांच्यावर घसरले.

"मी कायले लपवू तुहा झाडू? मी तं आत्ता धानाच्या बांधीतून येऊन राहिलो," हे म्हणाले. पायाला चिखल होता, म्हणजे खरंच बोलत होते.

तेवढ्यात फोन वाजला. प्राची रडत होती. "आई, मी दिल्लीतच आहो. अर्ध्या वाटेत काहीतरी बिघाड झाला, विमान वापस आणलं." चौदा तास उडून पोरगी जिथून निघाली तिथेच. ती अजून वाटेवरच होती, आणि मी घर झाडायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी तिला दुसरं विमान मिळालं. मी वेबसाइट उघडली नाही, झाडूही शोधला नाही. आम्ही दोघं फोनजवळ बसून राहिलो. शेवटी संध्याकाळी फोन आला. "पोचली वो आई. थंडी लय हाये इकडे." मी रडले, हेही रडले.

मग पाणी प्यायला उठले, तर झाडू स्वयंपाकघराच्या दाराला टेकवलेला.

घरात तिसरं कोणी नव्हतं. दार आतून लावलेलं होतं. यांनी शपथ घेतली, मीही घेतली. आजतागायत मला याचा अर्थ लागलेला नाही, कोणाला लागला तर जरूर सांगा.

त्या संध्याकाळी मी झाडूला लगेच हात लावला नाही. सासूबाईंच्या फोटोपुढे जाऊन म्हणाले, "आई, पोचली तुमची नात. झाडू का आता?" उत्तर येणार नाही हे मलाही कळतं. पण खरं सांगते, मी थोडा वेळ थांबले.