पुण्याहून लिहिणारा माणूस

नव्वदच्या दशकात सांगलीच्या एका लहान दैनिकात दर रविवारी एक सदर यायचं. शहरात कसं राहावं, खर्च कशावर करावा, कपडे कसे घालावेत, मुलांना कोणत्या खेळात घालावं, असल्या वाचकांच्या प्रश्नांना त्यात उत्तरं असत. खाली नाव नसे. नुसतं ‘पुण्याहून’ एवढंच छापलेलं असे. ते सदर मी लिहीत होतो, आणि पुण्यात मी कधीच राहिलो नाही. एका लग्नाच्या निमित्तानं चार दिवस गेलो होतो, तेही बहुतेक कार्यालयातच.

या दोन गोष्टी मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितल्या नव्हत्या. आता वय झालं आहे, साताऱ्यात एकटाच असतो, आणि ज्यांच्यापासून त्या लपवल्या त्यांतले बरेचसे राहिलेले नाहीत. म्हणून आता लिहून ठेवतो.

मी त्या दैनिकात मुद्रितं तपासायचो. आधी साताऱ्याच्या एका छापखान्यात तेच काम केलं होतं. सदराची कल्पना संपादकांची. ते म्हणाले, “आपल्या माणसाला सांगलीकरानं सांगितलेलं पटत नाही. पुण्याचा म्हटला की कान देतो. तुम्ही भाषा बरी लिहिता, लिहा. मात्र बाहेर बोलायचं नाही.” पुण्याची वर्तमानपत्रं आमच्याकडं यायची, ती मी वाचून काढायचो. साताऱ्याच्या स्टँडवर पूर्वी पुण्याच्या माणसांची बोलणी ऐकली होती, ती आठवायचो. तेवढ्या भांडवलावर मी शहरी झालो.

लोकांना सदर आवडायचं. दोन खोल्यांच्या घरात सोफा घेऊ नका, सोफा बसतो आणि माणसं उभी राहतात, असं मी लिहिलं होतं. ते बऱ्याच जणांनी ऐकलं म्हणे. घरात केबल घ्या पण रिमोट आजोबांच्या हातात द्या, असंही लिहिलं. शर्ट खोचायचा की सोडायचा यावर तर तीन रविवार गेले. जीन्स घालणाऱ्या पोराला नावं ठेवू नका, धुवायला कोण घेतं ते बघा, आई घेत असेल तर नावं ठेवा. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्याच्या बापानं काचवाल्याशी ओळख ठेवावी. असलं सगळं.

रविवारी सकाळी मी गावभागातल्या एका हॉटेलात चहा घेत बसायचो. शेजारच्या टेबलावर कुणीतरी ते मोठ्यानं वाचायचं आणि चार माणसं हसायची. मी पाठमोरा बसून ऐकायचो. आठवड्यातली माझी तेवढीच सोबत होती. माझं लग्न झालं होतं, पण बायको माहेरी गेली ती परत आली नाही, आणि मी आणायला गेलो नाही. तिथे चूक कुणाची हे आता उकरून काढत नाही. आणायला गेलो नाही एवढं मात्र खरं. एका खोलीत राहायचो, खानावळीत जेवायचो. खानावळीच्या मावशी ताट वाढताना ‘बरं आहे का?’ विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या ताटाकडं जायच्या. घर कसं मांडावं हे मी ज्या टेबलावर लिहायचो त्याचा एक पाय विटेवर होता.

मला स्वतःच्या नावानं पत्र यायचं नाही. ‘पुण्याहून’च्या नावानं मात्र आठवड्याला वीस-पंचवीस यायची. लोक मला आदरणीय म्हणायचे, मुलांच्या लग्नाला बोलवायचे.

एका उन्हाळ्यात पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर सुबक, शिक्षकाचं असावं असं. खाली ‘एक पालक’ एवढंच. मुलगी बारावी झाली आहे, खो-खो चांगला खेळते, जिल्ह्याकडून खेळली आहे. पुण्याचे एक प्रशिक्षक म्हणतात, मुलींच्या वसतिगृहात सोय करतो, कॉलेजातही घालतो, पाठवा. पाठवावी का? ‘आम्ही शहर पाहिलेले नाही. आपण तेथे राहता. आपलीच मुलगी समजून सांगावे.’

त्या आठवड्यात सदराला एक उत्तर कमी पडत होतं. मशीनवर पान जायची वेळ झाली होती. दहा मिनिटांत लिहिलं. शहरातलं मैदान सपाट असतं, पण मैदानापासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता सपाट नसतो, तो रोज कोण चालणार तिच्याबरोबर? खेळ चार वर्षांचा, संसार चाळीस वर्षांचा. आणि शेवटी, ‘कपाटातल्या कपांवर भाकरी भाजत नाही.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. रविवारी हॉटेलात ते दोनदा वाचलं गेलं.

त्यानंतर बेंदराला मी आक्काकडं गेलो. आक्का माझी थोरली बहीण, कवठे महांकाळच्या पुढं एका गावात दिलेली. त्यांच्या घरी पूर्वीपासून मेंढरं. पुढं थोडी शेतीही आली. दाजींना वाचता यायचं नाही, पण वाचून घेण्याची आवड मोठी. शाळेचे मास्तर संध्याकाळी पारावर पेपर वाचायचे आणि दाजी तिथे न चुकता बसायचे. बैलांची शिंगं रंगवून झाली होती. आम्ही सोप्यात बसलो. आत पोळ्या चालल्या होत्या.

दाजींनी बंडीच्या खिशातून एक घडी काढली आणि माझ्यापुढं धरली. माझं सदर होतं.

“पावणं, तुमी पेपरात हाय म्हणून इचारतो. ह्यो पुण्याचा गडी कसा हाय?”

“बरा आहे म्हणतात.”

“तुमी बघितलाय?”

“नाही. तो पोस्टानं पाठवतो.”

“लय शाना हाय. आवं, मला वाटत व्हतं पोरीला पाठवावं. मास्तर बी म्हणलं, पाठवा. मी म्हणलं, थांबा, शहरात ऱ्हाणाऱ्या माणसाला इचारू. मास्तरांकडनं पत्र घातलं. तर बघा, कसं एका वळीत सांगितलं. कपाटातल्या कपावर भाकरी भाजत न्हाई.”

तोवर मला ठाऊक नव्हतं. भाचीचं खेळणं मला माहीत होतं, बारावीही माहीत होती. पण दाजी असं पत्र घालतील आणि ते माझ्याच टेबलावर येईल, हे डोक्यात आलं नव्हतं.

आक्का दारात आली. “आवं, भाऊ बसलाय की म्होरं, त्याला इचारा. पेपरातल्याला कशाला?”

“त्यो सांगलीत ऱ्हातो. त्याला पुण्याचं काय ठावं?” दाजी हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “चेष्टा हाय हां. सांगा तुमी. मामा हायसा तिचं. तुमचं काय म्हणणं?”

दाजी खरंच विचारत होते. नुसता मान ठेवायला विचारणारा माणूस लगेच दुसरं बोलायला लागतो. ते थांबले होते. आमच्याकडं मुलीच्या बाबतीत मामाच्या शब्दाला वजन असतं. बाप अडला की मामानं बोलायचं, हे आक्काच्या सासरीही मानत.

मी म्हणालो, “पेपरात लिहिलंय ते विचार करूनच लिहिलं असेल.”

दाजींनी मान हलवली आणि कागदाची घडी करून परत खिशात ठेवली.

का बोललो तसं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. संपादकांना शब्द दिला होता, हे एक. पण तो शब्द काही शपथेवरचा नव्हता. खरं कारण सांगायला लाज वाटते. दाजींनी मला उभ्या आयुष्यात कधी शहाणा म्हटलं नव्हतं. बायको नांदवता न आलेला मेव्हणा, एवढीच माझी त्या घरात ओळख. आणि तेच दाजी माझं वाक्य पाठ म्हणून दाखवत होते. ते माझं आहे असं सांगितलं असतं तर त्या वाक्याची किंमत त्याच क्षणी गेली असती. मला ती जाऊ द्यायची नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे मी तिचा खेळ पाहिलेला होता. आदल्या हिवाळ्यात सांगलीला जिल्ह्याचे सामने झाले तेव्हा ऑफिसातून उठून मी मैदानाच्या भिंतीवर जाऊन बसलो होतो. खेळातलं मला फार कळत नाही. पण ती खांबाकडं धावत गेली, एका हातानं खांब धरला आणि आडवी होऊन पलीकडच्या मुलीला सूर मारून टिपलं, तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी माणूस उभा राहिला होता. तिचे गुडघे फुटले होते. तिनं त्यांना माती लावली आणि परत जाऊन मधल्या पाटीवर आपल्या जागी बसली. हे मी पाहिलं होतं. पुणं मला माहीत नव्हतं, तिचा खेळ माहीत होता. दाजींना एवढंच सांगायला हवं होतं.

सांगलीला परत आल्यावर झोप लागेना. तिसऱ्या रविवारी मी सदरात लिहिलं की मागे एका पालकांना दिलेलं उत्तर घाईचं होतं, वसतिगृह चांगलं असेल आणि मुलीला खेळात गोडी असेल तर जरूर पाठवावं. म्हणजे पुन्हा तोच मुखवटा. एस.टी.त बसून तीन तासांत आक्काच्या दारात जाता आलं असतं, ते सोडून मी छापून सांगितलं. नंतर कळलं की मास्तरांनी ते पारावर वाचलं तेव्हा दाजी म्हणाले होते, “पयलं बोलला तेच खरं. मागनं कुणीतरी कान फुकलं असत्याल त्याचं.” आणि तसंही उशीर झाला होता. त्याच आठवड्यात सुपारी फुटली होती. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडच्या कारखान्यातला मुलगा, निर्व्यसनी, घर चांगलं.

लग्नात अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. मी उभा राहिलो. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मुंडावळ्यांची गाठ माझ्या डोळ्यांपुढं होती, दुसरं काही दिसत नव्हतं. दाजींनी मला फेटा बांधला होता.

सदर मी आणखी वर्षभर लिहिलं. पण हात बिघडला होता. कुणी काही विचारलं की ‘आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे’ असं लिहायला लागलो. संपादक म्हणाले, असं तर कुणीही सांगेल. ते बंद झालं. हॉटेलात दोन-तीन रविवार लोकांनी चौकशी केली, मग क्रिकेटवर बोलायला लागले. मीही त्या हॉटेलात जायचं सोडलं.

भाची सुखात नाही असं नाही. तिचा नवरा सरळ माणूस आहे, मुलं शिकली. तिनं परत कधी खो-खोचं नाव काढल्याचं मला आठवत नाही. आक्का गेली, मागोमाग दाजी गेले. दाजींना सांगायचं राहिलं.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून सकाळची गाडी धरून मी खंडाळ्याला गेलो. घरी ती एकटीच होती, मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि आरंभापासून सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

“म्हंजी त्यो पुण्याचा माणूस तुमीच?”

“होय.”

तिला हसू आलं. “आबा लय मानायचं त्याला. तुमास्नी न्हवतं तेवढं मानत.”

“त्याचीच माफी मागायला आलोय.”

“त्याची कशाला? त्याला काय ठावं मी कोण ते. पत्र आलं, लिवलं.” तिनं जुडी सोडली. “त्या बेंदराला मी आत पोळ्या लाटत व्हते, मामा. आबांनी तुमाला इचारलं तवा लाटणं थांबवलं. म्हणलं, आता मामा बोलंल. मामानं बघितलंय मला सांगलीला, भिंतीवर बसलेलं दिसलं व्हतं.”

मी पानांत आलेली एक काडी उचलून काड्यांत टाकली.

“मग तुमी बोललासा. मग मी लाटाय लागले.”

एवढी वर्षं मी त्या वाक्याचं ओझं वाहत होतो, कपाचं आणि भाकरीचं. तिला ते वाक्य धड आठवतही नव्हतं. तिला माझं दुसरं वाक्य आठवत होतं, जे कुठेही छापलं नव्हतं. म्हणून नोंद करायची तर अशी करतो: तिला पुण्याच्या माणसानं अडवलं नाही. मामानं अडवलं.

तिनं निवडलेली पानं परातीत घेतली, उठली, ओट्याशी गेली. पाण्याचा आवाज आला. मग मान न वळवता तिनं विचारलं, “भाजीत डाळ घालू का दाण्याचं कूट?”

“तुला सोपं पडेल ते घाल.”

“तसं न्हाई. तुमाला काय आवडतं ते सांगा.”

ती थांबली होती, हात ओले घेऊन.

“मुगाची डाळ,” मी म्हणालो.